चिपमंक आणि आपली खार: पट्ट्यांवरून फरक कसा ओळखावा?

केवडा:
मॅसॅच्युसेट्समधील आमच्या घरामागे, दगडी बांधाच्या फटींतून एक लहानसा पट्टेदार प्राणी दिवसभर ये-जा करत असतो. शेजारी त्याला चिपमंक म्हणतात. पुण्याहून आलेल्या माझ्या आईने मात्र त्याला पाहताच ‘ही तर रामाने पाठीवरून बोटे फिरवलेली खारच’ असे सांगितले. दोघांत नेमका फरक कोणता?

रानवाट:
तुमच्याकडे दिसतो तो पूर्व अमेरिकेतील चिपमंक, शास्त्रीय नाव टॅमिअस स्ट्रायाटस. पाठीआधी त्याचा चेहरा पाहावा, कारण सर्वांत खात्रीची खूण तिथेच आहे: डोळ्याच्या वर आणि खाली फिकट रेघ असते आणि डोळ्यातून एक गडद रेघ जाते. आपल्या खारीच्या चेहऱ्यावर अशा रेघा नसतात. चिपमंकच्या पाठीवर मधोमध एक काळपट पट्टा असतो आणि दोन्ही कुशींवर दोन-दोन काळपट पट्ट्यांच्या मध्ये एकेक पांढुरका पट्टा असतो; म्हणजे गडद पाच आणि पांढुरके दोन. हे पट्टे शेपटीपर्यंत न पोहोचता तांबूस पुठ्ठ्यांपाशीच संपतात, आणि मला तरी या प्राण्याचे खरे सौंदर्य त्या विटकरी तांबूसपणात वाटते. आपल्या तीनपट्टी खारीच्या करड्या-तपकिरी पाठीवर मात्र तीन फिकट पट्टे असतात. खारीची झुपकेदार शेपटी जवळजवळ अंगाएवढी लांब असते, तर चिपमंकची एकूण लांबी सुमारे २५ ते ३० सेंटिमीटर असून त्यात शेपटी जेमतेम ८ ते ११ सेंटिमीटर भरते.

पानगळ:
गालांतील थैल्याही लक्षात घ्याव्यात. ओकची फळे बिळात नेताना त्या इतक्या फुगतात की डोक्याचा आकारच बदललेला वाटतो. खारीला अशा थैल्या नसतात.

रानवाट:
पट्ट्यांच्या कारणाविषयीही थोडे सांगतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः आफ्रिकेतील पट्टेदार उंदरावर केलेल्या संशोधनात असे दिसले की फिकट पट्ट्यांच्या त्वचेत एएलएक्स-३ हे जनुक अधिक सक्रिय असते आणि ते रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची वाढ रोखते. चिपमंकच्या फिकट पट्ट्यांतही तेच आढळले.

केवडा:
मनःपूर्वक आभार. आज सकाळी तो बांधावर स्थिर बसला असता डोळ्याजवळच्या रेघा आणि तांबूस पुठ्ठे आईला स्पष्ट दाखवता आले. रंगावरून नर-मादी ओळखता येतात का?

पानगळ:
नाही, नर आणि मादी यांचे रंग व पट्टे सारखेच असतात.