‘आपली प्रतीती पाहा’ म्हणजे नेमके काय पाहायचे?

प्रश्न :
बायबलातल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (१३:५) प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला म्हणतो की तुम्ही विश्वासात आहात की नाही ह्याविषयी आपली परीक्षा करा, ‘आपली प्रतीती पाहा’. प्रभुभोजनाच्या (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) तयारीच्या सभेत आमच्याकडे हे वचन वाचतात. हल्ली प्रतीती म्हणजे मनाला आलेला अनुभव. मग जाणवले तर विश्वास खरा, नाही जाणवले तर खोटा, असे समजायचे का? प्रार्थनेत मन कोरडे असते त्या दिवसांत ह्या शब्दाचा मला धसका बसतो.

उत्तर :
ताई, ‘प्रतीती येणे’ वेगळे आणि ‘प्रतीती पाहणे’ वेगळे. जुन्या मराठीत ‘प्रतीती’ किंवा ‘प्रचीत पाहणे’ म्हणजे प्रत्यक्ष अजमावून बघणे. मूळ ग्रीक क्रियापद ‘दोकिमाझो’. धातू किंवा नाणे अस्सल आहे का हे तपासण्यालाही तेच वापरत. त्याच कुळातला शब्द याकोबाच्या पत्रात (१:३) आहे, तिथे आपल्या बायबलात ‘पारख’ आले आहे. मला इथेही ‘पारख’च आवडला असता. सोनार कसोटीवर सोने घासतो तेव्हा रेघ कशी उमटली ते बघतो, सोन्याला काय वाटले ते नाही.

शिवाय हे वचन एकटे काढून वाचू नका. दोनच वचने आधी (१३:३) करिंथकर पौलाकडे प्रमाण मागताना दिसतात : ख्रिस्त तुझ्या मुखाने बोलतो कशावरून? ते ‘प्रमाण’ म्हणजे ‘दोकिमे’, ह्याच घरातला शब्द. माझी पारख करायला निघालात, तर आधी स्वतःची करा, असे पौल त्यांना सुनावतो. आणि काय तपासायचे तेही अध्याय १२च्या शेवटी सांगून ठेवले आहे : भांडणे, मत्सर, राग, तट, चहाड्या, गर्व, आणि जुन्या पापांचा न केलेला पश्चात्ताप. कोरड्या मनाचा त्या यादीत उल्लेखही नाही.

आणखी एक उत्तर :
‘तुम्ही’कडेही लक्ष द्या. मराठीत ते आदरार्थी एकवचन वाटते, म्हणून आपण ते एकट्याने अंगावर घेतो. ग्रीकमध्ये ते स्वच्छ अनेकवचन आहे. पौल अख्ख्या मंडळीशी बोलतो आहे.

वरच्या सोनाराच्या उदाहरणावर मात्र माझी हरकत आहे. नुसती वागणूक तपासायची म्हटले तर पंडिता रमाबाईंचे काय? १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. परत आल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले, विधवांना आसरा दिला. बाहेरून बोट ठेवायला जागा नाही. तरी १९०७च्या आपल्या साक्षीत, म्हणजे विश्वासाच्या अनुभवकथनात, त्या लिहितात की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्याचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. हे त्यांच्या लक्षात आले ते बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. विल्यम हॅस्लम ह्या इंग्लिश पाळकाचे आत्मकथन वाचताना त्यांना हे उमगू लागले. हॅस्लम तर धर्मगुरू असूनही १८५१ साली स्वतःच्याच उपदेशपीठावर बोलता बोलता पालटले.

पहिला उत्तरकर्ता :
हरकत मान्य. वचनातच पुढे ‘येशू ख्रिस्त तुमच्या ठायी आहे’ असे आहे. शोध त्याचा घ्यायचा. अध्याय १२ची यादी आपण ख्रिस्ताला कुठे जागा देत नाही ते दाखवते. रमाबाईंना उणीव दिसली ती मन कोरडे होते म्हणून नव्हे, तर भिस्त कशावर होती ते कळले म्हणून.

प्रश्नकर्ती :
आभार. हे मंडळीत वाचून दाखवीन. मग ‘नामधारी ख्रिस्ती’ ह्या आपल्या शब्दाचे काय?

उत्तर :
तो आपण नेहमी दुसऱ्याला लावतो : अमुक घराणे नामधारी, तमुक फक्त नाताळाला येतो. पौलाच्या वाक्यात कर्म ‘आपली’ आहे. शेजारच्या बाकावरच्या माणसाची प्रतीती पाहायला त्याने कुणालाच सांगितलेले नाही.