चाल्डनच्या चर्चमधलं भित्तिचित्र बघायचंय, मदत हवी आहे

लंडनकर मंडळी, सरेमधल्या चाल्डन गावी कोणी गेलंय का? तिथल्या छोट्याशा चर्चमध्ये पश्चिमेच्या भिंतीवर साधारण १२०० सालचं स्वर्ग-नरकाचं भलंमोठं चित्र आहे, मधे शिडी, जीव चढतायत नि खाली धडाधड पडतायत, सावकार जाळात बसलाय पैशाच्या थैल्या घेऊन (हा मला फार आवडला), आणि लबाड कारागिरांना काट्यांच्या पुलावरून चालवलंय. मधे कित्येक शतकं चुन्याखाली होतं, १८७० च्या आसपास सापडलं. आईबाबा आलेत, त्यांना दाखवायचंय. केटरहॅम स्टेशनवरून बस मिळते का टॅक्सीच करावी लागेल? चर्च इतर दिवशी उघडं असतं की रविवारीच? आणि आत फोटो काढू देतात का प्लीज सांगा.