एल्जिनचं जुनं खिशातलं घड्याळ : आकडे जुळत नाहीत, तरी अस्सल असू शकतं का?

वैदेही_नेपरव्हिल

नमस्कार मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे.

आमच्या शेजारच्या आजींना (वय ८८, माझ्या मुलींना त्यांनीच क्रोशा शिकवला) त्यांच्या आजोबांचं खिशातलं घड्याळ नातवाला द्यायचंय. आजोबा शिकागो, बर्लिंग्टन अँड क्विन्सी रेल्वेत होते. तबकडीवर ‘एल्जिन’, सोनेरी केस (घड्याळाचं बाहेरचं कवच), पाठीवर कोरलेलं इंजिन. इथल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दाखवलं, तर त्यांनी मशीनवरचा आणि केसवरचा नंबर पाहिला आणि म्हणाले, “जुळत नाहीत. दोन घड्याळांचे तुकडे जोडलेत.” आजी तेव्हापासून गप्प आहेत.

मशीनवरचा नंबर १ कोटी ४० लाखांच्या घरातला आहे, शेजारी ‘१७ ज्वेल्स’ (चाकांची झीज कमी करणारे खडे) कोरलंय. केसमध्ये ‘जे. बॉस’ आणि २० वर्षांच्या हमीचा शिक्का. विकायचं नाही. खरं काय ते मला आजींना सांगायचंय.

लंबक

वैदेहीताई, आधी आजींना सांगा की ते दोन नंबर कधीच जुळत नसतात. एल्जिन, वॉल्थम, हॅमिल्टन या कंपन्या त्या काळात बहुतेक वेळा नुसतं मशीन विकायच्या. केस बनवणारे कारखाने वेगळे. गिऱ्हाईक दुकानात आधी मशीन पसंत करायचं, मग ऐपतीप्रमाणे केस, आणि दुकानदार समोरच बसवून द्यायचा. दोघांचे नंबर आपापले. ‘जे. बॉस’ हा कीस्टोन कंपनीच्या केसचा शिक्का. आत पितळ, दोन्ही बाजूंनी सोन्याचा पातळ पत्रा. ‘२० वर्षं’ म्हणजे तेवढ्या काळात सोनं झिजणार नाही याची हमी.

वय नेहमी मशीनच्या नंबरावरून काढायचं, केसवरून नाही. तुमचं १९१०च्या आसपासचं. ‘पॉकेट वॉच डेटाबेस’ या संकेतस्थळावर पूर्ण नंबर टाका, ग्रेड आणि साइझ कळेल.

आता तुकडे जोडलेत का, हे पाहायची खरी खूण. मागचं झाकण आट्याचं असेल तर रबरी हातमोजा घालून, तळहाताने दाबून डावीकडे फिरवा. मशीनच्या कडेला दोन स्क्रू दिसतील, ते मशीनला केसमध्ये धरून ठेवतात. त्यांच्या डोक्यांखाली केसच्या कडेवर दाबल्याची खूण उमटते. खुणांची एकच जोडी असेल आणि स्क्रू बरोबर तिच्यावर बसले असतील, तर हे मशीन पहिल्यापासून याच केसमध्ये असण्याची शक्यता खूप. शेजारी दुसरी रिकामी जोडी दिसली, तर त्या केसमध्ये आधी दुसरं मशीन होतं.

किल्ली (चावी द्यायची गुंडी) १२ वर आहे ना, तेही बघा. उघड्या तबकडीचं घड्याळ आणि किल्ली ३ वर असेल, तर तबकडीवरही झाकण असलेल्या केससाठी बनवलेलं मशीन नंतर इथे बसवलंय, असं बहुतेक वेळा निघतं.

पाठीवरच्या इंजिनावर मात्र जाऊ नका. तशा केस कुणीही घेऊ शकत होतं, शेतकरीही हौसेने घ्यायचे. १८९१ मध्ये ओहायोत किप्टनला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, एका चालकाचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं म्हणून. त्यानंतर क्लीव्हलंडचे जवाहिर वेब बॉल यांनी रेल्वेच्या घड्याळांसाठी कडक नियम आणले, खरं रेल्वेचं घड्याळ त्यांवरून ओळखायचं. किमान १७ ज्वेल्स, पाच स्थितींत (आडवं, उभं वगैरे धरून) जुळवलेलं आणि आठवड्याला ३० सेकंदांच्या आतली चूक. पुढे काटे लावायला किल्ली ओढायची नाही, काचेची कडी काढून बारीक दांडी ओढायची, हेही आलं; म्हणजे चुकून काटे हलत नाहीत. मशीनवर ‘अ‍ॅडजस्टेड’ कोरलंय का, आणि दांडी आहे का, कळवा.

तोवर किल्ली देऊ नका. तेल वाळलं असणार, सुकी चाकं झिजतात.

माहुलीकर

थोडी भर. आमच्याकडे साताऱ्याला पणजोबांचं वॉल्थम आहे. मशीन अमेरिकेचं, केस चांदीची, तिच्यात ‘ए. एल. डी.’ आणि बर्मिंगहॅमचा नांगराचा छाप. मीही कैक वर्षं त्याला जोडकाम समजत होतो. ‘ए. एल. डी.’ म्हणजे एरन लफकिन डेनिसन. त्यांनी १८५० मध्ये बोस्टनजवळ जो कारखाना उभारला, त्यातूनच पुढे वॉल्थम झाली. ते नंतर इंग्लंडला गेले आणि बर्मिंगहॅमला केस बनवू लागले. वॉल्थमची मशीनं तिकडे जायची आणि त्यांच्या केसमध्ये बसून विकली जायची. त्यामुळे आपल्याकडे कुणाच्या घरात असं वॉल्थम सापडलं, तर केस इंग्लिश आहे म्हणून नाकारू नका.

वैदेही_नेपरव्हिल

काल संध्याकाळी आजींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पांढरा टॉवेल पसरून उघडलं. स्क्रूंच्या खुणांची एकच जोडी! किल्ली १२ वर. ‘अ‍ॅडजस्टेड’ कुठेच नाही, दांडीही नाही.

आजी म्हणाल्या, आजोबा गाडीवर नव्हतेच, अरोराच्या कारखान्यात डबे रंगवायचे. झाकणाच्या आत सुईने ओरखडल्यासारखं बारीक काही आहे, भिंगातून ‘४-१२-२३’ वाचता आलं, पुढे दोन अक्षरं. हे कुणी केलं असेल? पुसून घेऊ का?

लंबक

अजिबात पुसू नका! घड्याळजी दुरुस्ती केली की झाकणात आपली खूण आणि तारीख अशी ओरखडून ठेवायचे. अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणजे बहुतेक १२ एप्रिल १९२३.

आजोबा रंगकामात होते, तर सगळं जुळतं. घड्याळाची सक्ती गाडी चालवणाऱ्यांवर होती, कारखान्यातल्या माणसांवर नाही. त्यांनी स्वतःच्या पैशांनी चांगलं १७ ज्वेल्सचं मशीन आणि इंजिनाची केस निवडली असणार. आजींना सांगा, तुकडे जोडल्याची एकही खूण नाही.

आता साफसफाई आणि तेल जुनी घड्याळं हाताळणाऱ्याकडूनच करून घ्या. अमेरिकेतल्या घड्याळ संग्राहकांच्या ‘एनएडब्ल्यूसीसी’ या संस्थेच्या स्थानिक शाखेत विचारा. केसला पॉलिश करू देऊ नका, इंजिनाच्या रेषा जातात. आणि कंपनीचं गाव एल्जिन तुमच्यापासून लांब नाही. कारखाना १९६६ मध्ये पाडला, पण ताऱ्यांवरून वेळ काढायला कंपनीने बांधलेली वेधशाळा अजून उभी आहे. नातवाला घेऊन जा.

वैदेही_नेपरव्हिल

मनापासून आभार. वाचून दाखवलं. आजींनी भिंग मागून घेतलं आणि ती तारीख स्वतः वाचली. शनिवारी नातू येतोय.