स्वस्तातलं विमान आणि आखडलेले गुडघे : तुमचे अनुभव लिहा

मीनल_त
काल बाबांची जुनी फाईल आवरताना डेक्कनच्या तिकिटाची प्रिंट हाताला लागली. शाई उडालीय, पण नावं वाचता येतात. एअर डेक्कन आठवतंय ना, कॅप्टन गोपीनाथांची? २००३ साली सुरू झालेली, एक रुपयात तिकीट म्हणून गाजलेली. (एक रुपयावाली तिकिटं मिळालेला माणूस मला अजून भेटायचाय.) तिच्यात सीट नंबरच नसायचा. दार उघडलं की एसटी लागल्यावर होते तशी धाव, फक्त खिडकीतून रुमाल टाकायची सोय नव्हती. एरवी जिन्यात दोनदा थांबणारे बाबा त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे. आईला खिडकी मिळवून दिली, आणि तिने डोळे गच्च मिटून थेट बंगळुरूपर्यंत रामरक्षा म्हटली.
आता आईला घेऊन पुणे-कोची करायचंय. सत्तरी ओलांडलीय, गुडघे बोलतात. बजेट एअरलाइनशिवाय परवडणार नाही. तुम्ही कसे जाता, काय जमलं, काय फसलं, लिहा. गमतीही चालतील.

धनू_कोथरूड
सकाळची पहिली फ्लाईट. बाकी काही ऐकू नका. या कंपन्या एकच विमान दिवसभर पळवतात, उतरल्यावर अर्ध्यापाऊण तासात परत वर. मधे कुठे धुकं, कुठे रांग, की पुढच्या सगळ्या फेऱ्या मागे पडत जातात. संध्याकाळच्या विमानाला दिवसभराचा उशीर चिकटलेला असतो. पहाटे तीनला उठावं लागतं हे खरं, पण विमानतळावर चार तास लोखंडी खुर्चीत बसण्यापेक्षा बरं.

वैजू
मीनल, आईंसाठी व्हीलचेअर बुकिंग करतानाच टाक, आयत्या वेळी काउंटरवर मागू नकोस. आमच्याकडून कधी पैसे घेतले नाहीत. सासूबाई पहिल्यांदा जाम चिडल्या होत्या, "मी काय लुळी आहे का?" मग तो मुलगा त्यांना सिक्युरिटीच्या वेगळ्या रांगेतून भर्रकन घेऊन गेला आणि आम्ही दोघं मागे पट्टे काढत उभे. आता मॉलमध्ये गेलो तरी विचारतात, इथे मिळते का गं?
फक्त उतरताना सगळ्यात शेवटी उतरवतात. घाई करायची नाही.

सहाफुटी
गुडघ्यांबद्दल मी बोलणार नाही तर कोण! इमर्जन्सी दाराजवळची रांग मिळाली तर स्वर्ग, मी त्याचे पैसे निमूट भरतो. पण ताई, आईंना तिथे बसवणार नाहीत. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका यांना ती रांग मिळत नाही, कारण वेळ आली तर दार उघडायचं काम तिथे बसलेल्याचं. आईंना पुढच्या बाजूची आइल सीट, म्हणजे मधल्या वाटेलगतची, घ्या, निदान एक पाय मोकळा राहतो.
इमर्जन्सीच्या बरोबर पुढची रांग आणि सगळ्यात शेवटची, या दोन्हींच्या पाठी सहसा मागे जात नाहीत. नवीन विमानांत तर बऱ्याच ठिकाणी कुठलीच सीट मागे जात नाही, म्हणजे भांडणच मिटलं.
आणि एटीआर असेल, ते पंखेवालं, तर चढायचं दार मागे असतं. "पुढची सीट" म्हणून जादा पैसे मोजाल आणि सगळ्यात शेवटी उतराल.

सोनटक्का
खिडकीची हौस असेल तर बोइंग ७३७ विमानात एक खिडकीची सीट अशी असते की तिला खिडकीच नसते. भिंतीतून एसीचा पाइप जातो म्हणे. माझ्या नवऱ्याला बरोब्बर तीच मिळाली, पैसे भरून. दोन तास भिंतीकडे बघत बसला होता.

धनू_कोथरूड
@सोनटक्का ठ्ठो! सेल्फी काढला का भिंतीबरोबर?

खादाड_बंड्या
खाण्याचं कोणीच बोललं नाही?? वर काय मिळतं, तर कपात गरम पाणी ओतून झाकण लावायचं, आठ मिनिटांनी उपमा. लोक ते झाकण बोटाने दाबून घड्याळाकडे बघत असतात. मी दशम्या, कोरडी बटाट्याची भाजी आणि लसणाची चटणी नेतो. डबा उघडला की पुढच्या तीन रांगांच्या माना वळतात. एकदा शेजारच्या गुजराती काकांनी न विचारता थेपला पुढे केला, मी चटणी दिली, अहमदाबाद कधी आलं कळलंच नाही.
लोणचं मात्र केबिन बॅगेत नको, सिक्युरिटीत काढून घेऊ शकतात.

माई_रत्नागिरी
सुके खोबरे नेऊ नका हो. आमच्या मावसबहिणीने मुलीकडे दिल्लीला न्यायला वाटीखोबरे घेतले होते. बॅग बेल्टवर टाकून झाली, ही आत जाऊन बसली आणि नावाचा पुकारा. बॅग उघडायला लावली सगळ्यांसमोर. त्यात काय काय होते ते सांगत नाही. खोबऱ्यात तेल असते, गरम होऊन आपोआप पेट घेऊ शकते, म्हणून धोकादायक मालाच्या यादीत आहे. तिने तिथल्या तिथे सगळ्यांना वाटले, पोलिसांनापण.

खादाड_बंड्या
माई, प्रसाद झाला म्हणायचा :)

अनय_जोगळेकरवाडी
दक्षिणेला जायचं असेल तर उलट गंमत आहे. शबरीमलाच्या हंगामात यात्रेकरूंना इरुमुडीतला (डोक्यावर नेतात त्या पूजेच्या गाठोड्यातला) नारळ केबिनमध्ये न्यायची खास परवानगी देतात. मीनलताई, कोची म्हणजे त्याच वाटेवर. डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर काळ्या कपड्यातले स्वामी भरपूर दिसतील.

म्युनिकर
इथल्या कंपन्यांसमोर आपल्याकडच्या संत वाटतील. मी विद्यार्थी असताना फुकट फक्त एवढीशी बॅग, सीटखाली मावेल अशी. म्हणून अंगात दोन स्वेटर, वर जॅकेट, जॅकेटच्या खिशात चार्जर, मोजे आणि आईने पाठवलेल्या चकल्या. गेटवर लोखंडी साचा ठेवलेला असतो, त्यात बॅग बसली पाहिजे. चकल्यांचा तिथेच भुगा झाला.
शिवाय एका कंपनीत आपल्या पासपोर्टवाल्यांना ऑनलाइन चेक-इन करूनही काउंटरवर जाऊन बोर्डिंग पासवर व्हिसा तपासल्याचा शिक्का घ्यावा लागायचा. माझ्या मित्राला हे गेटवर कळलं. विमान गेलं, तो राहिला.
आणि विमानतळाचं नाव बघून जा. फ्रांकफुर्ट-हान. नाव फ्रांकफुर्टचं, पण फ्रांकफुर्ट तिथून १२० किलोमीटर. बसचं भाडं तिकिटाच्या वर गेलं.

पेडणेकर_मडगाव
@म्युनिकर ते सोडा, आमच्याकडे बघा. गोव्याला विमानतळ दोन, दाबोळी आणि मोपा. तिकिटावर जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा, दोन्हीवर गोवाच लिहिलेलं. मोपा २०२३ च्या जानेवारीत सुरू झालं तेव्हा रोज कोण ना कोण चुकायचा. भाचा फोनवर "मामा, गेटबाहेर उभा आहे", आणि मामाही गेटबाहेरच उभा. दोघांमध्ये अख्खा गोवा. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून मोपाचं काढू नका, मडगावला यायचं असेल तर टॅक्सीत वाचलेले सगळे जातात.

प्रज्ञा_२मुलं
पटकन लिहिते, धाकटी उठेल. कान दुखतात ते जास्त करून उतरताना. आपण सगळे चढताना पाजतो आणि उतरताना बाळ झोपलेलं असतं, मग किंचाळत उठतं. विमान खाली यायला लागलं की उठवून पाजायचं, गिळलं की कान मोकळे होतात. मोठ्याला आलेपाक. पूर्वी इंडियन एअरलाइन्समध्ये ताटलीतून गोळ्या आणि कापूस यायचा, बाबा मूठभर उचलायचे.
हो, आणि बारा वर्षांच्या आतल्या मुलाला निदान एका पालकाशेजारी सीट द्यायलाच हवी, २०२४ मध्ये डीजीसीएने (विमानवाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) सांगितलंय. चेक-इन करताना सगळ्या सीटवर पैसे दिसले तर घाबरू नका, "वगळा" (स्किप) दाबून पुढे जा. उठली. बाय

नील_के
पुण्याला उतरल्यावर ओला-उबर कुठून मिळते? नवीन टर्मिनल झाल्यापासून गेलो नाहीये.

धनू_कोथरूड
एरोमॉल, म्हणजे विमानतळाचं बहुमजली पार्किंग. बॅगा घेऊन तिथपर्यंत जावं लागतं. म्हातारं माणूस बरोबर असेल तर घरच्याच कोणाला तरी गाडी घेऊन बोलव.

नील_के
घरचे म्हणतात तूच ये की रिक्षाने. 😐

कुलकर्णी_जी
नियम माहीत असणे महत्त्वाचे. अडीच तासांपर्यंतच्या फ्लाईटला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर चहा-नाश्ता देणे बंधनकारक आहे. सहा तासांच्या वर गेला तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे परत. आपण मागत नाही, म्हणून ते देत नाहीत. नागपूरला आम्ही असेच ताटकळत होतो. मी डीजीसीएचे नाव काढल्यावर वीस मिनिटांत सँडविचचे खोके आले. मागे बसलेल्या एका आजोबांनी चार घेतली आणि मलाच म्हणाले, "तुम्ही आधी का नाही बोललात?"

वैजू
कुलकर्णीकाका, तुमच्याबरोबरच प्रवास करायला हवा 🙏

मीनल_त
बापरे, एवढे प्रतिसाद! सगळे वाचतेय. आईला मोठ्याने वाचून दाखवले. खोबऱ्यावर तिचा विश्वास बसत नाहीये, "आपण काय बॉम्ब नेतोय का" म्हणाली. व्हीलचेअर नको म्हणतेय. वैजू, तुझ्या सासूबाईंशी एकदा फोनवर बोलणं करून दे प्लीज, माझं ऐकणार नाही ती.
पहाटेची फ्लाईट आहे का बघते. आणि बंड्या, आईने विचारलंय, दशमी दुधात भिजवतोस की पाण्यात?

खादाड_बंड्या
दुधातच! पाणी घातलं तर ती पोळी.

माई_रत्नागिरी
ज्वारीची की कणकेची ते आधी सांग.

खादाड_बंड्या
माई, कणकेची. थोडा गूळ.

माई_रत्नागिरी
गूळ?? लसणाच्या चटणीबरोबर?