शेकोटीशिवाय रान भोगता येत नाही का?

रानवाट:
बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या पुढं ओढ्याकाठी तंबू लावायला गेलो, तर तिथं आधीच कुणाची तरी राख होती. काठीनं उकरली. वितळून गोळा झालेली चिप्सची पाकिटं, बाटलीची फुटकी मान. शेजारच्या जांभळीची साल हातभर करपलेली, आणि तिथून चार पावलांवर गुडघाभर वाळलेलं गवत. वारा फिरला असता तर? माझं म्हणणं, खानापूरच्या रानात शेकोटी बंदच करा. चहाला गॅसची शेगडी आहे, थंडीला कानटोपी.

मलप्रभाकाठ:
परवाना काढलेलास काय? तिथलं भीमगडचं रान २०११ पासून अभयारण्य आहे. तिथं पाय ठेवायलाच परवाना लागतो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३० नुसार रानाला धोका होईल अशी आग पेटवायची नाही, जळती सोडून जायची नाही.

रानवाट:
हद्दीबाहेर होतो. मालकी रान, मालकाला विचारून.

आजोळ आमगाव:
शहरातनं येऊन चूल बंद करा म्हणणं सोपं आहे. आमच्याकडं गवळी रात्रभर धुनी लावून बसायचा, अस्वल लांब राहावं म्हणून. त्यानं कधी वणवा लावला नाही. शनिवारी येऊन रविवारी पळणारे लावतात, आणि नियम मात्र सगळ्यांना!

गुहेतला:
वणवा लागला नाही तरी धूर राहतोच की. भीमगडातल्या बारापेडे गुहेत रॉटनचं वटवाघूळ राहतं, जगात मोजक्याच ठिकाणी सापडणारं. तोंडाशी शेकोटी, आत टॉर्चचे झोत, वर मोबाईलवर गाणी. बाहेरचा असो नाहीतर गावचा, गुहेपाशी कुणीच नको.

आजोळ आमगाव:
गुहेचं मान्य. पण आजोबा आधी खुरप्यानं भोवतीचं गवत काढायचे, खाली माती दिसेपर्यंत. पहाटे पाणी ओतून राखेत हात घालून बघायचे. गार लागली तरच उठायचे. ते शिकवा की लोकांना. सरसकट बंदी घातली तर चोरून पेटवतील, तेही घाईत.

रानवाट:
हात घालून बघायचं आम्हाला कधी सुचलं नाही, कबूल. चौघांत पाच पॉवर बँक होत्या, खुरपं एकही नव्हतं. पण मार्चमध्ये नकोच, खुरपं असलं तरी.

आजोळ आमगाव:
मार्चमध्ये आम्ही तरी कुठं पेटवतो?

मलप्रभाकाठ:
खुरप्यानं परवाना मिळत नाही एवढं लक्षात ठेवा. आणि ती पाकिटं कुणी उचलली?

रानवाट:
आम्ही. बाटलीची मान सॉक्समध्ये गुंडाळून आणली.