सौर वीज कृषी फीडरवर यायला हवी

२०३० पर्यंत देशात कोळसा, तेल, गॅस न जाळता ५०० गिगावॅट वीजक्षमता उभारायचं उद्दिष्ट गाठायचं तर कर्नाटकातल्या पावगड्यासारखे मोठे सौर पार्कच हवेत, असं काहीजण म्हणतात. पावगड्याचं उदाहरण मोलाचं आहेच. सुमारे १३,००० एकर जमीन, विकत न घेता भाड्यानं, एकरी वर्षाला २१,००० रुपयांपासून सुरुवात. पण तो तुमकूरचा दुष्काळी माळ. आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात एकर-दोन एकर भातावर घरं चालतात, ती पॅनेलखाली घालून कसं भागेल? शिवाय भाडं मालकाला मिळतं. वाट्यानं कसणाऱ्याचं आणि मजुराचं काय?

मला केंद्र सरकारच्या कुसुम या शेतीसाठीच्या सौर योजनेतले छोटे प्रकल्प जास्त पटतात. ५०० किलोवॅट ते २ मेगावॅट, शक्यतो सबस्टेशनपासून पाच किलोमीटरच्या आत, आणि वीज २५ वर्षांच्या करारानं वितरण कंपनी घेणार. याच योजनेत कृषी फीडर, म्हणजे शेतीपंपांना वीज देणारी लाइन, सौर विजेवर चालवायचीही सोय आहे. म्हणजे पंपाला लागणारी थ्री फेज वीज दिवसा. उसाला पाणी पाजायला मध्यरात्री बॅटरी घेऊन बांधावरून जायचं, ओल्या हातानं स्टार्टर दाबायचा, पायाखाली काय वळवळतंय ते दिसत नाही. ज्यानं रात्री दारं धरलीत त्याला दिवसाच्या विजेचं मोल सांगावं लागत नाही.

चिपाडावर वीज करणारे साखर कारखाने जिल्ह्यात आहेत, सौंदत्तीकडे पवनचक्क्याही. म्हणजे वीज तयार करणं आमच्याकडे नवं नाही; अडतं ते कागदावर. उताऱ्यावर चार भावांची नावं, अर्ज कन्नडमध्ये. पंचायतीत मराठीतून समजावून अर्ज भरून देणारं कुणी बसवलं, तर आमच्या गावातले बरेच शेतकरी पुढे येतील.