ऑनलाइन अल्बममधले आपले फोटो कुणी उचलले? कसे जपता? (अनुभव धागा)

तापीकाठची
काल नात्यातल्या ग्रुपवर कानबाईच्या (आमच्या खानदेशातली श्रावणातली देवी) शुभेच्छांचं कार्ड आलं. नारळाला डोळे, नथ, मागे जुन्या पद्धतीची आरास... नीट बघितलं तर आमच्याच घरची कानबाई! अण्णांनी काढलेला फोटो. सुरत-पुण्याच्या पोरांना रोटांना, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याला, येता यायचं नाही, त्यांनी तिकडून दर्शन घ्यावं म्हणून अण्णांनी पिकासावर टाकलेला, अल्बम सगळ्यांसाठी खुला. पिकासा वेब अल्बम २०१६ मध्ये बंद झालं, अण्णा त्याच्याही आधी गेले, फोटो मात्र फिरतोय आणि खाली कुठल्यातरी इच्छुक उमेदवाराचं नाव. राग आला आणि डोळेही भरले, कारण कडेला आईचा हात दिसतो, बांगड्यांवरून ओळखला मी. तुमच्याकडे असं काही झालंय का? आता फोटो कुठे ठेवता, कुणाला कसे दाखवता, सगळं लिहा.

शिरपूरकर
उमेदवाराला सरळ फोन लावा. कार्डावर नंबर असतोच.

पाचोऱ्याचा कॅमेरावाला
ताई वाचून कसंतरी झालं. आमचा लग्नाच्या फोटोंचा धंदा, आम्हाला हे रोजचंच. पार्टीला ऑनलाइन गॅलरी देतो ती पिन लावून, आणि सिलेक्शनसाठीचे फोटो लहान करून, लांब बाजू १२०० पिक्सेल. ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) त्याची ४ इंचाचीच प्रिंट निघते, मोबाईलवर झकास दिसतो पण बॅनरवर फाटतो. वॉटरमार्क कोपऱ्यात टाकू नका, कापतात, शालूवरून आडवा घ्या. आता एआयने तोही पुसतात म्हणा, म्हणून मोठी फाइल बाहेर सोडायचीच नाही हाच खरा उपाय.
आणि एक, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने पैसे देणाऱ्याचा असतो. आमच्या लाइनमधल्या बऱ्याच जणांना पटत नाही पण कायदा असाच आहे, म्हणून नवरीचा फोटो आमच्या पेजवर टाकायच्या आधी मी घरच्यांना लेखी विचारतो. अण्णांनी तर स्वतः काढलेला, म्हणजे हक्क त्यांचा आणि आता वारसांचा, ते गेल्यानंतर ६० वर्षं. हे त्या कार्डवाल्याला ठणकावून सांगा.

नाशिकची वहिनी
रोटांचं नाव काढलं आणि भूकच लागली ग. इथे सोसायटीत कानबाई म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे रोट भाऊबंदकीतच, बाहेर द्यायचे नाहीत. तुमच्याकडे पण तसंच का? कुकर झालाय, येते परत.

रानवाटा शहादा
आमच्याकडे वेगळंच दुखणं. रानपिंगळा १९९७ ला शहाद्याच्या जंगलात पुन्हा सापडला, त्याआधी शंभरावर वर्षं त्याची पक्की नोंदच नव्हती. अशा पक्ष्याच्या ढोलीचा फोटो जीपीएससकट टाकला की पुढच्या रविवारी गाड्या हजर, आणि मग स्पीकरवर त्याचाच आवाज लावून बोलावतात बिचाऱ्याला. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की लोकेशन गळून जातं, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर अक्षांश-रेखांश तसेच जातात, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. मी गॅलरीत टाकायच्या आधी लोकेशन काढतोच, कॅप्शनला फक्त ‘सातपुडा’. लोक रागावतात, रागावू दे.

भुसावळकर भाऊ
बराबर शे भो.

अक्कलकुव्याची मास्तरीण
काठी गावच्या राजवाडी होळीला या कधी, माणसांपेक्षा कॅमेरे जास्त वाटतात. मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे, अंगावर नक्षी, फोटो सुंदर येणारच, पण ती माणसं नवस पाळून, नेम धरून नाचतात, फोटोसाठी नाही. माझ्या वर्गातल्या एका पोराच्या वडलांचा फोटो एका साइटवर चक्क विकायला होता, त्यांना पत्ताच नाही. मी दाखवला तर म्हणाले, मॅडम मला एक तरी द्यायचा होता ना छापून. तेवढंच म्हणाले. माझं म्हणणं एवढंच, फोटो आपण काढला तरी चेहरा त्यांचा आहे, विचारून टाका, आणि एक प्रिंट नेऊन द्या. वॉटरमार्कच्या गप्पा त्यानंतर.

चाळीसगावचा
मास्तरीणबाई, मनातलं बोललात.
फोटोचा विषय आणि आमचे केकी मूस कसे विसरता! टेबलटॉप फोटोग्राफीतला (टेबलावर वस्तू मांडून काढलेले फोटो) एवढा मोठा माणूस आमच्या गावात राहिला. १९८९ ला गेले, पण कलादालन आहे. मोबाईलवर बघून काही कळत नाही, प्रिंटसमोर उभं राहा, मग बोला. आलात की पाटणादेवी पण करा.

एरंडोलची सून
मी जरा उलटं सांगते. सासऱ्यांनी सगळं कुलूपबंद ठेवलेलं, ते अचानक गेले आणि पासवर्ड कुणालाच माहीत नाही. शेतातले, नातवंडांच्या बारशाचे, सगळे फोटो आत. त्यात दोन वर्षं कुणी वापरलं नाही तर गूगल अकाउंट काढून टाकू शकतं. गूगलमध्येच इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, आपल्यामागे कुणाला काय मिळावं ते आधीच भरून ठेवता येतं, घरातल्या मोठ्यांच्या शेजारी बसून भरून घ्या हो. आणि हार्ड डिस्कवर एक कॉपी पाहिजेच. नुसत्या ऑनलाइनच्या भरवशावर नको, ऑर्कुट गेलंच की २०१४ ला.

तापीकाठची
सुनबाई, काय बोलू... अण्णांच्या अकाउंटचंही असंच आहे. वहिनी, हो, रोट घरातच.
फोन लावला त्यांना. कार्यकर्त्याने उचलला, म्हणाला नेटवर मिळाला. मी कायद्याचं सांगितलं तर कार्ड काढतो म्हणाला, बघू. दादा, एक विचारायचंय, अल्बमची लिंक कुणी पुढे ढकलली तर परक्यांनाही दिसतो का?

पाचोऱ्याचा कॅमेरावाला
दिसतो. लिंक ज्याच्या हातात त्याला दिसतो. गूगल फोटोजच्या शेअर केलेल्या अल्बममध्ये ऑप्शन्सला जाऊन लिंक शेअरिंग बंद करा, मग ज्यांना तुम्ही नावानिशी जोडलंय तेवढेच बघतील.

नाशिकची वहिनी
आले परत. दादा, भाचीचं लग्न डिसेंबरमध्ये जामनेरला, तारीख मोकळी आहे का?

पाचोऱ्याचा कॅमेरावाला
इनबॉक्सला तारीख टाका वहिनी, डायरी बघून सांगतो.